न पाहिलेले घर

फौजदारांनी परिच्छेद वाचून संपवला. दिवाळी अंक त्यांनी मिटला नाही. उजव्या हाताची तर्जनी त्या पानात तशीच ठेवून तो मांडीवर टेकवला. समोरच्या खुर्चीत शामकांत बसला होता. लढाईमुळे रॉकेल मिळेनासे झाल्यापासून कंदिलाची वात बारीक ठेवायची सवय घराला लागली होती, आणि त्या बारीक वातीचे उपकार त्याला आज प्रथमच वाटले. त्याचा निम्मा चेहरा तरी अंधाराच्या आश्रयाला होता. आत स्वयंपाकघरात मघापर्यंत भांडी वाजत होती, ती थांबली होती. म्हणजे त्याची बायको सुमेधाही ऐकत होती. ओट्याखाली बांधलेल्या घोड्याने एकदा खूर आपटला आणि तो आवाज ओटीवरच्या शांततेत खोल विहिरीत खडा पडावा तसा बराच वेळ पडत राहिला.

फौजदार वाचत होते ते शामकांतचेच लेखन होते. इतके चांगले वाचन त्याने आपल्या कथेचे कधी ऐकले नव्हते. जिथे थांबायला हवे तिथेच ते थांबले होते, स्वर कुठेही चढवला नव्हता. अशा वेळीही आपल्याला क्षणभर बरे वाटले, याची त्याला लाज वाटली.

परिच्छेद असा होता: 'माळ्यावर ताठ उभे राहता येत नसे. कारवीच्या कुडाचे लिंपण उत्तरेच्या कोपऱ्यात सुटले होते. तिथून रुपयाएवढा उजेड आत येई आणि दिवसभर आजाऱ्याच्या घोंगडीवरून सरकत संध्याकाळी शेणींच्या राशीत विझे. त्या भोकाला डोळा लावला की कडा दिसे. कड्यावरून पडणारे पाणी खाली पोचतच नसे. कोकणातून चढून आलेला वारा त्याला अर्ध्यातच झेली, माघारी फेकी, आणि ते पाणी पुन्हा छपरावर येऊन पडे. जणू आभाळाने परत केलेले. ते पाहण्याआधी आजारी माणूस चष्मा काढी, दोन्ही हातांनी, देवाच्या गळ्यातला हार उतरवावा तसा.'

"वर्णनं आमच्या खात्यातही लिहितात, मास्तर," फौजदार मोहिनीराज नेवासकर शेवटी म्हणाले. "आम्ही त्याला हुलिया म्हणतो. त्या फरारी श्रीमंतचा हुलिया वर्षभर माझ्या खिशात आहे. बांधा मध्यम, रंग गव्हाळ, नाक सरळ, चष्मा लावतो. या हुलियावर मी अकोले गावचा अख्खा बाजार धरून आणू शकतो. मलाही धरावं लागेल."

शामकांत हसला. हसू नको होते, पण हसला.

"एक्केचाळीस साली सत्याग्रहात मीच त्याला पकडला होता. जबाब घेताना दर उत्तराआधी चष्मा काढायचा. हार उतरवावा तसा, ही उपमा मला कधी सुचली नसती. पण वाचली मात्र आणि माणूस समोर येऊन बसला." त्यांनी अंकावर बोट वाजवले. "आता तो माणूस मला हवा आहे. गेल्या वर्षी चळवळीत आमची चौकी जळाली तेव्हा आत माझा शिपाई झोपला होता. त्याची आई दर बाजाराला येऊन माझ्या ओट्यावर बसते. काही मागत नाही. बसते आणि ऊन उतरलं की जाते."

"श्रीमंत त्या आगीत होता की नाही, हे अजून ठरलेलं नाही," शामकांत म्हणाला.

"ते कोर्ट ठरवील. आणि कोर्टानं हो म्हटलं तर पुढचं काय, ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होते. फास हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला नाही.

शामकांतला आणखीही काही ठाऊक होते, आणि ते त्याच्या छातीत ओल्या लाकडासारखे धुमसत होते. श्रावणात, तापाच्या गोळ्या कोटाच्या अस्तरात शिवून, तो घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीत गेला होता. भीमा आणि मनकर्णा या भातशेती करणाऱ्या नवराबायकोने श्रीमंतला माळ्यावर ठेवले होते. हिवतापाने तो चिपाड झाला होता. परत येताना शामकांतने कुणाला काही सांगितले नाही, सुमेधेलाही वाडीचे नाव सांगितले नाही. आणि मग महिन्याभरात त्याने कथा लिहिली. कथेत श्रीमंत नव्हता. एक म्हातारा चित्रकार होता. भीमा-मनकर्णा नव्हते, एक विधवा बहीण होती. गाव बदलले, काळ बदलला. पण तो माळा काही बदलवेना. भोक दक्षिणेला नेले तर उजेड खोटा पडे. पाणी सरळ खाली पाडले तर वाक्य मरे. न पाहिलेले लिहिणे म्हणजे खोटी साक्ष देणे, असे तो वर्गात मुलांना बजावून सांगत असे; आणि आपला एवढा जपलेला नेम मोडायला त्याचा हात धजला नाही.

"श्रीमंत आणि मी पुण्याला एका खोलीत राहत होतो," तो म्हणाला. हे वाक्य त्याने दुपारपासून घोटून ठेवले होते. "चष्म्याची लकब त्याचीच आहे. लेखक अशा लकबी उचलतात. आठवणीतून. माळा मात्र कल्पनेतला."

"असं?" फौजदारांनी पाने मागे उलटली, पण तर्जनी मूळ पानातून काढली नाही. "संपादकांनी कथेवर दोन ओळी टाकल्यात त्या वाचतो. 'डोळ्यांनी न पाहिलेली एकही वस्तू कथेत येऊ द्यायची नाही, हा या तरुण लेखकाचा कटाक्ष आहे.' हे त्यांना कुणी सांगितलं?"

सांगितले होते शामकांतनेच. कथेसोबतच्या पत्रात, थोड्या तोऱ्यात.

"मोठेपणासाठी माणूस काहीही सांगतो, साहेब."

"हे मात्र खरं." फौजदार प्रथमच मोकळे हसले. मग ओट्याकडे मान वळवून म्हणाले, "सहादेव, उलटं उडणारं पाणी कुठं कुठं दिसतं रे आपल्या हद्दीत?"

पायरीवर बसलेला हवालदार उठून उभा राहिला. "घाटाच्या तोंडाला, साहेब. तीन वाड्या हायत तितं. पर एकीत शिपाई शिरला का दुसरीत कळतंय. गुराख्यांची पोरं कड्यावरनं शीळ घालत्यात. मागल्या बारीला आमी गेल्तो तवा चुली सुदिक इझलेल्या हुत्या. लई बेरकी लोकं."

"ऐकलंत? मला एकच संधी आहे. पुऱ्या बंदोबस्तानं एकदम जायचं, तर वरून माणसं मागवावी लागतील. आणि वर मी काय कळवू? एका गोष्टीत वाचलं म्हणून? माळा खरा असेल तर मी कळवतो. कल्पनेतला असेल तर हसं माझं होईल. म्हणून मी तुम्हाला धरून न नेता तुमच्या घरी चहाला आलो."

"चहा अजून आला नाही," शामकांत म्हणाला.

"येईल. आपल्याला घाई नाही." फौजदार किंचित पुढे झुकले. "मास्तर, तुम्हाला कल्पनेतून खोली उभी करता येते ना? मग आता एक उभी करा. इथे, माझ्यासमोर. माळ्याइतकी जिवंत. जमली, तर तुमच्यापाशी कल्पना आहे असं मी मानीन आणि घोड्यावर बसेन. नाही जमली, तर सकाळी वर तार जाईल."

शामकांतने डोळे कंदिलाकडून अंधाराकडे वळवले.

शामकांतने सुरुवात केली. "एक दिवाणखाना. उंच छत. खिडकीतून चांदणं आत आलेलं. रेशमी पडदे..."

"नाटक कंपनीचा पडदा झाला हा," फौजदार म्हणाले. "पुढे एखादी राजकन्या येईल."

पायरीवर सहादेव खुसखुसला.

शामकांतने ओठ ओले केले. दुसरी सुरुवात केली. नदीकाठचा मठ, भिंतीवर वडाच्या पारंब्यांची सावली. त्याचे त्यालाच ते शब्द दुसऱ्याच्या अंगरख्यासारखे लोंबताना दिसले. तो मध्येच थांबला. फौजदारांनी फक्त अंकातल्या बोटावर अंगठा टेकवला. रुपयाएवढा उजेड घोंगडीवरून सरकताना शामकांतला दिसला. त्या घोंगडीखालचे पाय दिसले. घोंगडी ओढून काढणारे हात दिसले, भीमाच्या पाठीवर उगारलेली काठी दिसली, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

मिटलेल्या डोळ्यांपुढे एक चौकट आली. कुठून आली ते त्याला कळले नाही.

"एक घर आहे," तो हळू म्हणाला. "उंबरठा आहे, चौकट आहे. कवाड नाही. मोडलं नाही, काढलं नाही, कधी नव्हतंच. चौकटीच्या लाकडाला बिजागरीचे व्रण नाहीत. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी टेकवतात. त्या फळीवर घरातल्या मुलीनं लहानपणी खिळ्यानं आपला पंजा कोरला आहे. बोटं जरा जास्तच लांब झालीत, कारण खिळा घसरला."

फौजदारांचा अंगठा स्थिर झाला.

"आत येणारं सगळं न विचारता येतं. ऊन येतं, ऊस घेऊन जाणाऱ्या गाड्यांची धूळ येते, शेजारच्या घरातली भाजल्या मिरचीची ठसक येते. वाटेनं जाणारा खोकला, तर घरातलं मूल झोपेत कूस बदलतं. आणि ओसरीवर एक म्हातारा माणूस बसतो. चौकटीकडे पाठ करून. अशा घरात राहणाऱ्याच्या पाठीला डोळे फुटलेले असतात; कोण आलं ते त्याला पावलावरून कळतं. तो मान वळवत नाही. त्याला एकाच पावलाची वाट आहे. ते उंबऱ्यावर वाजलं, तरच वळायचं असं त्यानं ठरवून टाकलं आहे. आणि वळल्यावर ते नसलं तर काय, या भीतीनं आता त्याची मान तशीच आखडून गेली आहे. मुलीनं कोरलेली फळी तो रोज संध्याकाळी स्वतः उचलून लावतो. पंजा आतल्या बाजूला येईल अशी."

तो थांबला. आत काहीतरी फरशीवर ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

फौजदारांनी सुस्कारा सोडला. त्यात समाधान होते की खेद, ते शामकांतला उमगले नाही.

"मी नेवाशाचा आहे, मास्तर," ते म्हणाले. "बिजागरीचे व्रण नसलेल्या चौकटी साऱ्या मुलखात एकाच गावाला आहेत, आणि ते शनीचं शिंगणापूर माझ्या गावापासून लांब नाही. लहानपणी दर शनी अमावास्येला वडिलांचं बोट धरून जायचो. रात्री ती आडवी फळी मी पाहिली आहे." त्यांचा आवाज खाली आला होता, जवळजवळ हळवा झाला होता. "मित्राची मान वाचवायची म्हणून तुम्ही जीव तोडून कल्पना करायला बसलात, आणि हाती आलं ते पाहिलेलं घर. तुम्हाला दुसरं येतच नाही. संपादकांनी खरं तेच छापलं."

आपण कोणत्या वाटेने चालत आलो आणि ती कुठे येऊन थांबली, हे शामकांतला आता दिसले. पहिली दोन वर्णने खोटी होती म्हणून पडली. तिसरे जिवंत झाले, आणि जिवंत झाले हाच पुरावा ठरला.

"सहादेव," फौजदारांनी हाक दिली, "पहाटे तारघर उघडायला सांग."

"व्हय साहेब."

"ते घर माझ्या वडिलांचं आहे."

सुमेधा आतल्या दारात उभी होती. दोन्ही हातांत गुळाच्या चहाचे पेले होते. पदर तिने डोक्यावरून घेतला होता, पण मान खाली नव्हती.

"नमस्कार, वहिनी," फौजदार अर्धवट उठत म्हणाले. "मग तर शंकाच उरली नाही. जावई सासुरवाडीचं वर्णन करणारच."

"ह्यांनी ती सासुरवाडी पाहिलेली नाही." तिने पेले तिवईवर ठेवले. "बाबांच्या मनाविरुद्ध आमचं लग्न झालं, कचेरीत, सही करून. त्या दिवसापासून बाबांनी नाव टाकलं. ह्यांचं पाऊल शिंगणापुरात पडलेलं नाही आणि माझंही पुन्हा पडलं नाही. कवाड नसलेल्या घरानं आम्हाला आत घेतलं नाही, साहेब. नेवाशाला तुमची माणसं आहेत. नरहरपंत कुलकर्ण्यांचा जावई गावात कुणी कधी पाहिला का, विचारून घ्या."

फौजदार खाली बसले. "मग ती फळी?"

"फळी आहे. पंजा मी कोरला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता. धूळ, मिरची, खोकला, सगळं मी सांगितलेलं. सणावाराला झोप आली नाही की मी घर सांगत बसते, हे ऐकतात." ती किंचित थांबली. "एक मात्र मी सांगितलं नव्हतं. बाबा चौकटीकडे पाठ करून बसत नसत. तोंड करूनच बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचे, चेष्टा करायचे. पाठ ह्यांनी फिरवली."

तिने एक पेला फौजदारांपुढे सरकवला.

"आता तसेच बसत असतील," ती म्हणाली. "मला काय ठाऊक."

शामकांत तिच्याकडे पाहत राहिला. ते घर आपण पाहिलेले नाही, हे तिने सांगेपर्यंत त्याच्या ध्यानातच आले नव्हते. त्याला ती चौकट हाताला लागली होती, लाकूड कोरडे होते, एका जागी तडकलेले होते. इतकी वर्षे ज्याला तो खोटी साक्ष म्हणत आला, ती आज त्याच्या तोंडून बाहेर पडली होती आणि समोरचा माणूस, त्या मुलखात वाढलेला माणूस, तिला शपथेवर खरी म्हणाला होता. सुटकेचा पहिला श्वास त्याने अगदी सावकाश घेतला. कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"म्हणजे न पाहता दिसतं तुम्हाला," फौजदार म्हणाले.

"दिसतं," शामकांत म्हणाला. "माळाही तसाच दिसला."

ते वाक्य बोलायला नको होते. बोलताक्षणी त्याला ते कळले. फार लवकर आले ते आणि फार गुळगुळीत. सुमेधेने त्याच्याकडे पाहिले नाही, पण तिवईच्या कडेवरचा तिचा हात मिटला गेला.

फौजदारांनी चहाचा पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि उठून टोपी हातात घेतली. "सहादेव, घोडा सोड."

"आन् तारघर, साहेब?"

फौजदार ओटीच्या कडेशी जाऊन उभे राहिले. बाहेर कार्तिकातली संध्याकाळ दाटली होती. प्रवरेच्या पलीकडचे डोंगर आता नुसत्या काळोखाच्या कडा उरले होते, आणि त्यांतल्या कुठल्या तरी कडेवर, फार वर, डोळ्यांत भरेल न भरेल असा एक विस्तव दिसत होता. त्या विस्तवाकडे पाहायचे नाही, असे शामकांतने स्वतःला बजावले. फौजदार त्याच दिशेला पाहत होते. विस्तवाकडे की डोंगराकडे, सांगता येत नव्हते.

"मास्तर," ते पाठमोरेच म्हणाले, "हे मी वाचक म्हणून सांगतो. माळ्याच्या वर्णनात काही सुटलेलं नाही. उजेड कुठल्या कोपऱ्यातून, वारा कुठून, शेणी कुठं. आमचा पंचनामा असा असतो. पंच समोर उभे करून, बोट दाखवून लिहिलेला. त्यात सगळं असतं, पण कुणी कुणाची वाट पाहत नसतं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली. "त्या म्हाताऱ्याची पाठ तुमच्यापुढे नव्हती. ती तुम्हाला शोधत जावं लागलं. दोन्ही खोल्यांत मी आज बसून आलो. दोहोंतला फरक मला कळतो."

शामकांत खुर्चीतून उठला होता. सुमेधा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कंदिलाचा तो बारीक उजेड येऊन थांबला होता.

फौजदार पायऱ्या उतरले. खाली घोड्याजवळ ते थबकले. संध्याकाळभर त्या पानात अडकवून ठेवलेली तर्जनी त्यांनी अंकातून बाहेर काढली, बोटाकडे एकदा पाहिले, अंक मिटला आणि काखेत धरला.

"साहेब," शामकांत ओटीच्या कडेपर्यंत आला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "उद्या माणसं डोंगरात जाणार का?"

फौजदारांनी सहादेवच्या हातून लगाम घेतला. घोड्यावर बसेन म्हणाले होते, पण ते बसले नाहीत. घोडा मागून ओढत, मान न वळवता, ते वाटेने चालू लागले.